आपल्या पैशाचा बनमस्का

माझे आजोबा १९२०च्या सुमारास बार्शीहून पुण्याला शिकायला आले, तेव्हा त्यांच्या जेवणाचे सहा मालक होते. सोमवारी सदाशिव पेठेतले एक वकील, मंगळवारी शनिवारातले पेन्शनर मामलेदार, बुधवारी मामलेदारांच्याच नात्यातली एक विधवा बाई, असं करत रविवारपर्यंत. शुक्रवारचं घर काही मिळालं नाही, म्हणून शुक्रवारी उपास. पुढे आमच्या घरात कुणी संतोषीमातेचे शुक्रवार धरले की आजोबा म्हणायचे, ‘माझे आधीच करून झालेत.’

याला वार लावून जेवणं म्हणत. गरीब ब्राह्मणाच्या मुलाने आठवड्याचे सात वार सात घरांत वाटून घ्यायचे आणि ज्या घरचा जो वार, तिथे त्या दिवशी जेवायचं. पैसे द्यायचे नाहीत, पण फुकटही नसे. पूजेची फुलं आणून द्यायची, घरातल्या धाकट्यांचे पाढे घ्यायचे, यजमानीणबाईंनी सांगितलेला निरोप दोन पेठा ओलांडून पोचवायचा. आजोबांना घरून निघताना वडिलांनी एकच ताकीद दिली होती : भात हवा का विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं तरच घ्यायचा. बुधवारच्या बाई दुसऱ्यांदा विचारायच्या. मामलेदारांकडे विचारत नसत. साठ वर्षांनंतरही आजोबांना त्या घरांतली माणसं फारशी आठवत नव्हती. कुठे तूप दोनदा वाढत, ते मात्र पाठ होतं.

वारांच्याही खालची पायरी माधुकरीची. ओलेत्याने किंवा सोवळं नेसून झोळी नि भांडं घ्यायचं, चारपाच दारांशी ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणायचं आणि जे पडेल ते एकत्र कालवून खायचं. कुणाचा भात, कुणाची आमटी, कुणाची कालची भाजी. त्यात लाज नाही, ते विद्यार्थ्याचं व्रतच आहे, असं शास्त्र सांगे. पण वर्गात आपल्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्याच घरासमोर झोळी घेऊन उभं राहणं शास्त्र सांगतं तितकं सोपं नसणार. अशाच मुलांसाठी १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं. आज त्याचं नाव पुणे विद्यार्थी गृह आहे. सुरुवातीला तिथल्या मुलांचं पोटही माधुकरीवरच भरे. फरक इतकाच की संध्याकाळी परतायला एक छप्पर होतं आणि आपल्यासारखीच बाकीचीही आहेत हे दिसत होतं.

खाण्याचं हे, तर कपड्यांचं काय असणार? गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात होते तेव्हा त्यांच्याकडे एकच सदरा होता, रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. आम्हाला ती त्यागाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. हा मुलगा मळका सदरा घालून वर्गात जायला तयार नव्हता. एकच का असेना, तो रोज स्वच्छ हवा होता. गरिबीतही आपण कसे दिसतो याची त्याला फिकीर होती. पुढे याच आगरकरांनी बायकांनी जाकिटं घातली पाहिजेत म्हणून लेख लिहिला आणि शिव्या खाल्ल्या. अंगावरच्या कपड्यात माणसाचा मान असतो, हे त्यांना पुस्तकात वाचून कळलं नसावं.

कपड्यावरून पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी इतिहासही घडवला. १९०५च्या ऑक्टोबरात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार होता फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहात राहणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांचा. प्राचार्य रँग्लर परांजप्यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. यातलं राजकारण सगळे सांगतात. मला मात्र त्या ढिगावर अंगातला कोट टाकणाऱ्या, नाव न राहिलेल्या पोरांचा विचार येतो. कुणाला तो मामाने घेऊन दिला असेल, कुणी घरून निघताना उसना आणला असेल. होळी विझल्यावर पुढचा हिवाळा त्यांनी कशावर काढला, हे कुठल्याच चरित्रात नाही.

बाहेर खाणं हे तर त्याहून मोठं साहस होतं. १८९०मध्ये गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, पुण्यातल्या बड्या मंडळींना पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला नेलं. तिथे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसती हाती धरली. मग गोपाळरावांनी सगळ्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजलं. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावं लागलं. जिथे एका कप चहाने न्यायमूर्ती अडचणीत येत, तिथे वारावर जेवणाऱ्या मुलाची काय कथा? त्याने बाहेर काही खाल्ल्याचं एखाद्या यजमानाच्या कानावर गेलं, तर तो वार तुटलाच. इतर घरांत बातमी पोचायलाही वेळ लागत नसे.

आणि ही सारी, वार काय नि माधुकरी काय, ब्राह्मण मुलांची सोय. बाकीच्यांना सदाशिव पेठेत दार उघडणारं कोण होतं? त्यांच्या ताटाचा इतिहास पुण्यात नाही, कोल्हापूर-साताऱ्यात सुरू होतो. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. भाऊराव पाटलांनी साताऱ्याला त्याच्या पुढची पायरी गाठली : सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंक्तीत, आणि स्वयंपाकपाण्याची कामंही त्यांचीच. कमवा आणि शिका. तिथल्या भाकरीवर कुणाच्या उपकाराचं तूप नव्हतं, कारण मुळात तूपच नव्हतं.

वार आणि वसतिगृह यांच्या मधे, पैसे मोजून जेवायची जागा म्हणून, खानावळ आली. सुरुवातीच्या खानावळी पुष्कळदा एखाद्या विधवा बाईंच्या घरीच असत. ओसरीवर दहाबारा पाट, आत चूल, महिन्याचे पैसे आगाऊ. तिथेही जात पाट मांडून बसलेली असेच. ब्राह्मणी खानावळ वेगळी, मराठा खानावळ वेगळी. ‘मराठा खानावळ’ ही पाटी आजही दिसते, पण आता तिचा अर्थ एवढाच उरला आहे की आत रस्सा मिळेल. तरी एक मोठा बदल झाला होता. भात हवा का, असं विचारलं की खानावळीतला पोरगा ‘हो’ म्हणू शकत होता. पैसे भरले होते ना!

१९३०चं दशक या बाबतीत पुण्याला भलतंच फळलं. टिळक रस्त्यावर बादशाही बोर्डिंग सुरू झालं, तेही याच दशकात, एस. पी. कॉलेजची मुलं तिथे पिढ्यान्‌पिढ्या जेवली. १९३५ साली नदीच्या दोन अंगांना दोन जागा उघडल्या. अलीकडे लक्ष्मी रस्त्यावर मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदारांनी पूना गेस्ट हाउस काढलं. बोलपट आले होते, मूकपटांचे दिवस संपले होते, आणि या माणसाने साबुदाण्याच्या खिचडीत नि थालीपिठात आपला दुसरा डाव मांडला. पलीकडे डेक्कनला हुसेन अली याक्षी या इराणी गृहस्थांनी कॅफे गुडलक सुरू केलं. ही वेळ काही योगायोगाने आली नव्हती. दोनच वर्षांपूर्वी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली होती, डेक्कन जिमखान्याची वस्ती वाढत होती, कॉलेजं भरत होती. घरदार मागे ठेवून आलेल्या, खिशात थोडे पैसे असलेल्या एकट्या माणसांची गर्दी या शहरात पहिल्यांदाच एवढी झाली होती. अशी माणसं जमली की उपाहारगृहं निघतातच.

या दोन जागांत मला गुडलक जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण इराण्याचा गल्ला ज्याच्या ताब्यात, तो या गावच्या सोवळ्याओवळ्यातला नव्हताच. तो पैसे घेई आणि चहा देई. टेबलाशी आधी कोण बसून गेलं, शेजारच्या खुर्चीवर कोण आहे, हे विचारायची सोय नव्हती. एका चहावर तासभर बसलं तरी वेटर फारतर फडकं मारून जाई. पंचहौदच्या चहाने हादरलेल्या गावात पंचेचाळीस वर्षांनी पोरं इराण्याकडे मस्का लावलेला पाव चहात बुडवून खात होती आणि कुणीही त्यांची नावं छापत नव्हतं.

मग दक्षिणेचा वारा आला. दक्षिण कन्नडमधून कोवळ्या वयात पोटासाठी बाहेर पडलेले जगन्नाथ शेट्टी पुण्यात आले आणि फर्ग्युसन रस्त्यावर १९५०च्या दशकात त्यांनी बस्तान बसवलं. आजच्या रुपालीचं आधीचं नाव कॅफे मद्रास, वैशालीचं मद्रास हेल्थ होम. इडली-डोशाला सकाळ-संध्याकाळचं बंधन नव्हतं, ते स्वच्छ होतं, शाकाहारी होतं, त्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांना हरकत घ्यायला जागा नव्हती. मुलींना हॉटेलात जायची वाट खऱ्या अर्थाने उडप्यांनी मोकळी केली, असं माझं मत आहे. इराण्याकडे बायकांसाठी पडदा लावलेली फॅमिली रूम असे. वैशालीत आम्ही उघड्यावर, सगळ्यांच्या देखत बसत होतो.

मी पुण्यात आले १९८२ साली. मुलींचं वसतिगृह, संध्याकाळी सातच्या आत परत, आणि जेवण जवळच्या एका मेसमध्ये. मेस हा शब्द तोवर खानावळीच्या पाटावर पाय देऊन बसला होता, पण आतला कारभार तोच. आपण ‘मेंबर’. बाहेरचं कुणी आलं तर ‘पाहुणा ताट’, त्याचे वेगळे पैसे. रविवारी दुपारी ‘फीस्ट’, म्हणजे पुऱ्या आणि एक गोड, आणि त्याची भरपाई म्हणून रविवारी रात्री चूल बंद. गावाला गेलात तर ‘खाडा’. खाडे सलग असले तरच पैसे वळते होत. एखाददुसऱ्या दिवसाला मेसवाल्या काकू खाडा धरत नसत आणि त्यावरून दर महिनाअखेर वादंग. काकूंची वही आणि आमची वही कधीच जुळली नाही. आजोबांना मी हे पत्राने कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं : ‘भांडता येतं आहे ना, मग उत्तम चाललं आहे.’ वारावर जेवणाऱ्याला भांडता येत नाही, हे मला तेव्हा ध्यानात आलं.

माझ्या खोलीतली मैत्रीण साताऱ्याकडची. तिचे वडील भाऊरावांच्या ‘रयत’च्या वसतिगृहात राहून शिकलेले, भाकऱ्या थापून, शेतात राबून. माझे आजोबा वारांवर वाढलेले. त्या काळी हे दोघे एका पंक्तीला बसूच शकले नसते. आम्ही दोघी मात्र रविवारी रात्री मेस बंद म्हणून, सातचं बंधन पाळायला चार वाजताच, गुडलकला जाऊन बसायचो. बनमस्का आणि चहा. बिल आलं की टीटीएमएम : तुझं तू, माझं मी. पुण्याबाहेरची माणसं याला कद्रूपणा म्हणतात. म्हणोत बापडी. कुणाचं देणं नको नि कुणावर चढवणं नको, बरोबरीने बसायचं नि बरोबरीने उठायचं. ही दोन नाण्यांची वाटणी मला पंक्तिभेद मोडणाऱ्या मोठमोठ्या परिषदांइतकीच कामाची वाटते. वैशालीचा उत्तप्पा आमच्यासाठी सणासुदीचा, परीक्षा संपल्यावरचा. एरवी तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनची किंवा नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ. तेव्हा मिसळीबरोबर पाव नसे, स्लाइस असत. आणि वरचा रस्सा मागायचा तर ‘सँपल’ म्हणायचं. सँपलवर आणखी दोन स्लाइस खपत आणि पोट भरे.

पोट भरलं की तुळशीबाग. नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी पेशव्यांच्या काळात बांधलेलं रामाचं देऊळ मधे, आणि त्याला वेढून पितळी भांडी, भातुकली, बांगड्या, टिकल्या, खोटे मोती, पिना, ओढण्या. मेसचे पैसे, पीएमटीचा पास आणि वह्या वजा जाता जे पंधरावीस रुपये हाती राहत, त्यांत तिथे माणूस राणीसारखं हिंडे. भाव करायची रीत ठरलेली : निम्म्याने मागायचं, दोन पावलं पुढे जायचं, मागून हाक येतेच. नाही आली तर माल खरंच त्या भावाचा आहे असं समजून परत फिरायचं. एक काळी ओढणी कुठल्याही तीन ड्रेसवर चालते, हा शोध आमच्या वसतिगृहात पिढीगणिक नव्याने लागत असे. लक्ष्मी रस्त्यावर कापड कापून घ्यायचं, पेठेतल्या शिंप्याकडे टाकायचं, आणि जिचा वाढदिवस असेल तिला बाकीच्यांनी आपले ठेवणीतले कपडे वापरायला द्यायचे. आमच्या चौघींकडे मिळून दहाबारा बरे ड्रेस असतील, पण कॉलेजातल्या मुलांना वाटे की या पोरी भलत्याच सधन.

मुलांची दुकानं वेगळी. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी नि रविवारी भरे. तिथे लष्करातून निघालेली जर्किनं आणि बूट मिळत. कॅम्पात फॅशन स्ट्रीट, डेक्कनला हाँगकाँग लेन. तयार कपडे स्वस्त झाले तशी शिंप्याकडची फेरी कमी झाली. २०२१च्या मार्चमध्ये फॅशन स्ट्रीट एका रात्रीत आगीत गेली, तेव्हा टीव्हीवर ते पाहताना माझ्या ओळखीचे पन्नाशीचे प्राध्यापक आपण तिथे घेतलेल्या पहिल्या जीन्सची आठवण काढत होते.

आज माझा भाचा स्पर्धा परीक्षांसाठी सदाशिव पेठेत राहतो. ज्या गल्ल्यांत आजोबा वार धरून हिंडत होते, त्याच गल्ल्यांत आता अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं, पोळीभाजी केंद्रं आणि मेसच्या पाट्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली हजारो मुलं. काकूंच्या वहीऐवजी आता कूपनं आहेत किंवा मोबाईलवर पैसे. खाडा मात्र तसाच आहे, आणि भांडणही. करोनात मेस बंद पडल्या, मुलं गावी गेली, त्यांतल्या काही मेस पुन्हा उघडल्याच नाहीत. रात्री अकराला अभ्यासिकेतून उठून ही मुलं चहाला जातात. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी रुजवलेली अमृततुल्यं, खलबत्त्यात आलं-वेलदोडा कुटणारी, पितळी पातेल्यापाशी मालक स्वतः बसलेला, त्यांच्या जोडीला आता साखळी दुकानं आली आहेत. महिन्यातून एकदा भाचा मित्रांबरोबर बाहेर जेवतो आणि त्याचे फोटो टाकतो. त्याचे वडील चिडतात : ‘आम्ही डबा खाऊन शिकलो, यांना हॉटेलं सुचतात.’

प्रत्येक पिढी पुढच्या पिढीच्या चैनीबद्दल हेच बोलत आली आहे. खानावळीत जेवणाऱ्याला वारावाल्याने उधळ्या म्हटलं असेल, इराण्याकडे बसणाऱ्याला खानावळवाल्याने. पण विद्यार्थ्याच्या चैनीचा हिशेब जरा उलटा मांडून बघावा. ती चैन तो चवीसाठी करतो हे खरंच, पण कुणी वाढलं म्हणून खायचं आणि कुणी दिलं म्हणून घालायचं, या जिण्यातून सुटण्यासाठीही करतो. महिन्यातली एक मिसळ, एक उत्तप्पा, तुळशीबागेतली एक ओढणी. एवढ्यापुरता तरी तो स्वतः ठरवतो. नाहीतर घर, संस्था, शिष्यवृत्ती आणि परीक्षा मिळून त्याचं बाकीचं सगळं ठरवतच असतात.

मात्र हे सुटणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलेलं नाही. भाच्याबरोबर गेल्या वर्षी मी खोली शोधत हिंडले. परीक्षा कोणती, भाडं कधी देणार, असल्या प्रश्नांच्या आधी एका घरमालकांनी विचारलं, ‘नॉनव्हेज खाता का?’ आणि मग आडनाव. भाच्याचं आडनाव त्यांना पसंत पडलं. त्याच्याबरोबर आलेल्या, परभणीकडच्या मित्राचं पडलं नाही. त्या दिवशी तेवढी एकच खाट शिल्लक असल्याचं निघालं. भाच्याने ती घेतली नाही. दोघांनी मिळून दुसऱ्या पेठेत, जरा जास्त भाड्याची खोली धरली आहे आणि भाडं टीटीएमएम भरतात. ते जास्तीचे पैसे दोघांच्या बाहेरच्या जेवणातून कापले जातात. वडिलांना ते फोटो आता पूर्वीइतके दिसत नाहीत, आणि पोरगं सुधारलं असा त्यांचा समज झाला आहे.